गादीचं गवत

त्या वर्षी जून कोरडा गेला आणि जुलैही. उत्तरेच्या थंड समुद्रातलं आमचं बेट, चहूबाजूंनी पाणीच पाणी, पण ते खारं. गोडं पाणी म्हणजे आभाळातून पडेल ते आणि कुरणांमधल्या चरांत साठेल ते. चर आटले, तळाचा चिखल तडकला, आणि नेमकं त्याच वर्षी समुद्रातलं गवत असं माजलं की ओहोटीला होड्यांची वल्ही त्यात अडकायची.

हे गवत आमचं पीक. नांगरावं लागत नाही, पेरावं लागत नाही. कमरेभर पाण्यात उभं राहून लांब दांड्याच्या विळ्यानं ते कापायचं, होडीत भरायचं आणि किनाऱ्यावर आणून टाकायचं, हे पुरुषांचं काम. पुढचं सगळं बायकांचं. गोड्या पाण्यात भिजत घालायचं, काढायचं, कुरणावर पसरायचं, दाताळ्यानं वरखाली करायचं. वाळलं की ते काळपट, मऊ आणि हलकं होतं. मग गासड्या बांधायच्या. बोट येते, गासड्या शहरात जातात आणि तिथं गादीच्या खोळीत भरतात.

यात भिजवणं महत्त्वाचं. मीठ निघालं नाही तर उन्हाळाभर कुणाला पत्ता लागत नाही. धुकं सुरू झालं की मात्र गादी हवेतलं पाणी ओढून घेते आणि माणूस ओल्या कुशीवर झोपतो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे.

चरांत थोडंफार पाणी उरलं होतं ते सायब्रांडच्या मोठ्या चरात. सायब्रांड म्हणजे बेटावरचा सगळ्यांत मोठा शेतकरी, चर्चचा कारभारी, आणि समुद्रातले कापणीचे पट्टे घराघरांना वाटून देणाराही तोच. दरवर्षी आम्ही सगळे त्याच्या चरात गवत भिजवायचो. त्या वर्षी त्यानं चराच्या तोंडाची फळी पाडली, वर कुलूप घातलं आणि गवत आत घेणं बंद केलं.

"गाईंना पाणी पाजू की तुमच्या गवताला?" तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. गाई खरंच तहानलेल्या होत्या. फक्त त्याच्या आवाजात काळजी कमी आणि चव जास्त होती.

मग गवताचा दलाल फरमात बेटावर आला. पांढरी कॉलर, पायात शहरी बूट, आणि बोलणं लोण्यासारखं. किनाऱ्यावर आम्हां सगळ्यांना जमवून तो म्हणाला, "बायांनो, कशाला जीव जाळताय? समुद्रातून काढा, तसंच वाळवा, तसंच बांधा. ऊन असं कडक आहे की हाताला कुरकुरीत लागतंय. मी घेतो. भाव तोच."

"आणि हिवाळ्यात?" दीवरनं विचारलं.

"हिवाळ्यात ते माझ्याकडं नसेल. तुमच्याकडंही नसेल. मग चिंता कुणाची?"

लोक हसले. मीही हसले असेन. दीवर हसली नाही.

दीवर माझी शेजारीण. हाडापेरानं मोठी, बोलायला कमी आणि एकदा बसली की हलायची नाही. तिचा नवरा रायर वसंतात होडीवरून पडला आणि कमरेतून गेला. तेव्हापासून तो भिंतीतल्या कोनाड्यातल्या बिछान्यावर आडवा होता. तिचा पट्टा माझा नवरा वोब्बे आमच्या पट्ट्याबरोबर कापत होता. पट्ट्याचा नियम असा, की ज्या घराच्या गासड्या हंगामात बोटीवर चढल्या नाहीत त्या घराचा पट्टा गेला, तो दुसऱ्याला. पट्टा गेला तर दीवरच्या घरी दुसरं काही नव्हतं. अंथरुणाला खिळलेला नवरा, म्हातारी सासू हिल्ले आणि मुलगी ग्रीत, एवढीच तिची दौलत.

परत येताना मी तिला म्हटलं, "अगं, सगळ्यांचं तेच चाललंय. एकटीनं कशाला आडवं जायचं?"

ती चालता चालता थांबली. "त्राइन, आपलं गवत जातं कुठं ठाऊक आहे तुला?"

"शहरात."

"शहरात कुणाच्या खाली? बड्या घरातली माणसं लोकरीवर नाहीतर घोड्याच्या केसांवर झोपतात. पिसांवर झोपतात. आपलं गवत जातं मोलकरणींच्या माळ्यावर. अनाथाश्रमात. शिपायांच्या बराकीत. माझी ग्रीत शहरात मोलकरीण होती तेव्हा दोन हिवाळे असल्या एका गादीवर झोपली. कुणीतरी न धुता बांधलं होतं. सकाळी उठली की झगा पाठीला चिकटलेला. तो खोकला अजून गेलाय का?"

ग्रीतचा खोकला मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचा.

"मी ते कुणाच्या पोरीखाली घालणार नाही," दीवर म्हणाली. "आणि पट्टाही सोडणार नाही."

"मग पाणी कुठून आणशील? डोळ्यांतून?"

"आहे एका ठिकाणी."

तिनं हनुवटीनं टेकाडाकडे दाखवलं. आमचं चर्च टेकाडावर आहे, भोवती दफनभूमी आणि तिच्याभोवती जुना खोल चर. झाडांच्या सावलीत असल्यामुळं तो कधी आटत नाही. गोडं पाणी, गार, हिरवट. त्या पाण्याला कोणी हात लावत नाही, कारण ते मेलेल्यांचं, असं आमच्याकडे मानतात. मला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. मग आठवलं की दीवर थट्टा करत नाही.

घरी हिल्ले खोळ शिवत बसली होती. म्हातारीनं जन्मभर खोळी शिवल्या, बेटावरच्या प्रत्येक घरात तिच्या टाक्याची एक तरी गादी आहे, आणि सगळ्यांत ओटचं तूस भरलेलं. गंमत बघा, आम्ही गवत कापणारे कधी गवतावर झोपलो नाही. काडी न् काडी विकायची आणि स्वतः तुसावर पडायचं. तूस दबतं, टोचतं, रायरच्या पाठीला त्यानं जखमा झाल्या होत्या.

हिल्लेनं सुनेचा बेत ऐकला आणि दाभण खाली ठेवलं. "माझा नवरा तिथं झोपलाय."

"ठाऊक आहे, आई."

"दरवाज्याजवळ, डाव्या हाताला."

"हो."

"त्याच्यावर जरा पातळ पसर. त्याला जड पांघरूण सोसायचं नाही."

त्या रात्री ग्रीतचा खोकला पुन्हा ऐकला आणि मीही आमचं गवत धुवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वोब्बेनं दोन्ही पट्ट्यांचं गवत होडीतून आणलं आणि आम्ही ते हातगाडीनं टेकाडावर चढवलं. ओलं गवत मेलेल्या जनावरासारखं जड असतं. हातगाडीचा दांडा तळहात सोलतो आणि खारं पाणी त्या सोललेल्या जागेत शिरतं. दीवर पुढून ओढायची, मी आणि ग्रीत मागून लोटायचो. ग्रीत चढावर दोनदा थांबून खोकली. लोक दारात उभे राहून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "दीवर मढी धुवायला निघाली." दीवरनं मान वळवली नाही.

चरात गवत टाकलं की ते आधी तरंगतं. मग त्यात उतरून पायांनी दाबायचं. आम्ही झगे कमरेला खोचून मांडीभर पाण्यात उभ्या होतो. थंडी अशी की पोटऱ्यांना गोळे आले. काही दिवस रोज तेच. दाबायचं, उलटं करायचं, पुन्हा दाबायचं. संध्याकाळी दीवर एक काडी काढायची, चावायची आणि थुंकायची.

"खारट?"

"अजून."

एके दिवशी तिनं काडी चावली आणि थुंकली नाही. म्हणाली, "आता काढा."

सायब्रांड आला तो शुक्रवारी, आम्ही गवत थडग्यांमध्ये पसरत होतो तेव्हा. हातात चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा. त्यानं आपल्या बापाच्या थडग्याकडे पाहिलं. तिथंही गवत होतं.

"हे काय चाललंय?"

"वाळवण," दीवर म्हणाली.

"ही दफनभूमी आहे."

"म्हणूनच बरं. इथं गाई येत नाहीत."

"लाज नाही वाटत? माणसं झोपलीत इथं."

"गादीचंच गवत आहे, मालक. खालून कुणाची तक्रार आली तर मला सांगा."

वोब्बेला हसू आवरेना, तो पाठ करून नाक शिंकरू लागला. सायब्रांडचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "शनिवारची घंटा व्हायच्या आत हे आवार मोकळं पाहिजे. एक काडी दिसली तर माझे गडी सगळं उचलून समुद्रात टाकतील. आणि मग पट्ट्याचं काय ते बघू."

"घंटेच्या आत," दीवर म्हणाली. "ऐकलं."

शनिवारी सकाळपासून ढग. वारा पडलेला. आम्ही दाताळ्यांनी गवत वरखाली करत राहिलो, पण ते हाताला ओलं आणि गारच लागत होतं. असं ओलं बांधलं तर गासडीत कुजतं, आणि बोट मंगळवारच्या भरतीला येणार होती. दुपारनंतर मी दाताळं टाकलं आणि म्हटलं, "चल, उचलू या. निदान घरामागं पसरू."

"घरामागं जागा आहे का एवढी?"

"नाही."

"मग?"

"मग सगळं समुद्रात जाणार, दीवर. तो बोलल्याप्रमाणं करतो."

"करतो ना?" ती म्हणाली. "घंटाही बोलल्याप्रमाणं वाजवतो. तू बस जरा."

ती आवाराच्या भिंतीवर बसली. लाकडी बूट काढून बाजूला ठेवले आणि पाय हलवत बसून राहिली. मलाही बसवलं. ग्रीतला घरी पाठवलं. मला काही उमगेना. मनात आलं, उन्हानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला असावा.

आमच्याकडे शनिवारी सूर्य टेकला की चर्चची घंटा होते. ती झाली की रविवार लागला. मग गाईचं दूध काढण्यापलीकडे कोणी काही करत नाही. विणायचं नाही, लाकूड फोडायचं नाही, दाताळं तर भिंतीलासुद्धा टेकवून ठेवायचं नाही, आत ठेवायचं. ती घंटा सायब्रांड स्वतः वाजवायचा. तिशीत होता तेव्हापासून वाजवत होता, आणि मिनिटाचाही उशीर कधी झाला नव्हता, याचा त्याला मोठा अभिमान.

तो आला तो नेहमीप्रमाणे आपल्या शेताकडून, मागच्या वाटेनं. त्याचे दोन गडी त्याच्यामागं दाताळी घेऊन चालत होते. मागच्या वाटेनं थेट मनोऱ्याचं दार लागतं, पुढचं आवार दिसत नाही. सूर्य टेकला होता. गडी बाहेर थांबले. सायब्रांड आत गेला, त्याचा हात सवयीनं दोरावर गेला, आणि घंटा सुरू झाली.

दीवरनं पाय हलवायचे थांबवले. घंटा वाजेपर्यंत ती मान खाली घालून बसली, प्रार्थनेत बसतात तशी.

तो पुढच्या दारानं बाहेर आला. आवार काळं पडलेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गवत.

"हे अजून इथंच?"

"इथंच," दीवर म्हणाली.

"घंटेच्या आत म्हणालो होतो मी."

"खरं आहे. माझं चुकलं. सोमवारी पहाटेच उचलते."

"आत्ता उचलायचं." त्यानं गड्यांना हाक मारली. "ए, घ्या रे."

गडी जागचे हलले नाहीत. मोठा गडी माइंडर्ट, चांगला दाढी पिकलेला माणूस, त्यानं दाताळं हळूच पाठीमागं धरलं. "मालक, घंटा झाली."

"तुम्हीच वाजवलीत," दीवर म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "मी तर रविवारी काम करत नाही. तुम्हाला उचलायचं असेल तर उचला. मी कुणाला सांगणार नाही. त्राइनचं मात्र काही सांगता येत नाही."

मी आयुष्यात फार थोड्या वेळा इतकी सुखात बसले आहे. सायब्रांडनं खिशात किल्ल्या कोंबल्या, त्या खिशात गेल्या नाहीत, पुन्हा कोंबल्या, आणि तो गेला.

रविवारी सकाळी आभाळ निवळलं आणि वारा सुटला. सगळं गाव काळे कपडे घालून टेकाडावर आलं आणि गवतातल्या पायवाटेनं एकामागून एक आत गेलं. बायकांचे झगे गवताला घासत होते. आत भिंतींना समुद्राचा वास भरला होता. पाद्री बोलत होता, पण त्याची नजर सारखी खिडकीकडे जात होती. सायब्रांड पहिल्या बाकावर, मान ताठ. दीवर आपल्या जागेवर, हात मांडीवर. तिचे तळहात सोलवटले होते आणि तिनं ते झाकले नव्हते. बाहेर वाऱ्यानं गवत दिवसभर वरखाली केलं. आमच्या कुणाच्याही दाताळ्यापेक्षा चांगलं केलं.

सोमवारी ते कोरडं झालं होतं. मुठीत दाबलं तर आवाज न करता दबायचं आणि सोडलं की परत फुलायचं. आम्ही ते गासडीच्या लाकडी पेटीत भरून, वर उभं राहून पायांनी ठोकून गासड्या केल्या.

आमच्याकडे प्रत्येक घराची दोराची गाठ वेगळी. शहरातल्या गादीवाल्याला गाठ बघून घर कळतं. त्या वर्षी किनाऱ्यावर बाकीच्यांच्या गासड्या बघितल्या तर सगळ्यांना एकच साधी गाठ. न धुतलेल्या गवताला आपल्या घराची गाठ मारायची हिंमत कुणाची झाली नव्हती. दीवरनं मात्र रायरची दुहेरी गाठ मारली होती आणि मी आमची.

मंगळवारी भरतीला बोट लागली. फरमात बोटीवर चढायच्या फळीजवळ उभा राहून गासड्या चढवून घेत होता. आमची पाळी आली तेव्हा भरती उलटली होती. किनाऱ्यावरच्या खुंटावर पाण्याची ओली रेघ दिसायला लागली होती.

"हिला साधी गाठ मार, बाई," तो दीवरला म्हणाला. "सगळा माल एका ढिगात जातोय. वेगळी गाठ असली की गादीवाले प्रश्न विचारतात. बाकीची का नाही अशी, म्हणून."

"विचारू देत."

"सोड ती गाठ."

"नाही सुटायची."

"मग माल नाही चढायचा."

सायब्रांड मागं उभा होता. त्याला बोलायची गरजच नव्हती. गासड्या बोटीवर चढल्या नाहीत तर पट्टा गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वोब्बेनं माझ्याकडे पाहिलं.

दीवरनं एक गासडी उचलली, फळीच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली. शांतपणे, घराच्या उंबऱ्यावर बसावं तशी.

"ऊठ," फरमात म्हणाला.

"बसले की मला उठायला वेळ लागतो. कंबर धरते."

"फळी ओढायची आहे."

"ओढा."

खलाशी हसायला लागले. बोटीचा तांडेल वरून ओरडला की पाणी उतरतंय, आता निघालं नाही तर बोट चिखलात बसेल. फरमातनं खुंटावरच्या रेघेकडे पाहिलं, दीवरकडे पाहिलं. तिच्या अंगाला हात लावायची त्याची छाती नव्हती, आणि ती रुंद बाई हात लावूनही हलली नसती. मी दुसरी गासडी घेऊन तिच्यामागं बसले. बसल्यावर कळलं, किती मऊ होतं ते.

"चढवा हिचं," तो शेवटी म्हणाला. "गाठीसकट चढवा, आणि मरू दे."

"वेगळं ठेवा," दीवर म्हणाली.

"वेगळं ठेवतो, माझे आई. ऊठ आता."

ती उठली. सगळ्या गासड्या चढल्या, एक सोडून. जिच्यावर ती बसली होती ती तिनं बगलेत मारली आणि घरी आणली.

हिल्लेनं नवी खोळ तयारच ठेवली होती. आम्ही तुसाची गादी ओढून काढली, तिच्यात रायरच्या आकाराचा खड्डा पडला होता. नवी भरली, हिल्लेनं तोंड शिवलं, आणि आम्ही तिघींनी रायरला उचलून तिच्यावर ठेवलं. त्यानं हातानं खालचं गवत दाबून बघितलं. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी हे लोकांसाठी कापत होतो होय?" आणि भिंतीकडे तोंड करून रडला. दीवरनं त्याला रडू दिलं.

ऑक्टोबरात धुकं आलं. खिडक्या घामेजल्या, भाकरी मऊ पडली. एका दुपारी मी दीवरकडे बटाटे सोलत बसले होते, तेव्हा दारात सायब्रांड. टोपी हातात. आमच्यापैकी कुणाच्या दारात मी त्याला टोपी काढलेला पाहिला नव्हता.

"आईचं अंथरूण," तो म्हणाला आणि थांबला. त्याची म्हातारी आई वर्षभर झोपून होती. उन्हाळ्यात त्यानं आपल्याच पट्ट्यातलं गवत, तसंच न धुतलेलं, हौसेनं तिच्या गादीत भरलं होतं. "खालून पाणी सुटतंय. चादर पिळावी लागते. रात्रभर ती कुडकुडते. तुझ्याकडं असेल थोडं, तर..."

"घरात आहे ते रायरच्या खाली आहे," दीवर म्हणाली.

कोनाड्यातून रायरचा आवाज आला. "निम्मं दे. म्हातारी काटकुळी आहे, तिला तेवढं पुरेल."

दीवर दाभण घेऊन उठली. खोळीचा टाका उसवला आणि सायब्रांडला म्हणाली, "या. तुमच्या हातानं काढा." तो गुडघ्यांवर बसला आणि रायरच्या कुशीखालून मूठ मूठ गवत काढून पोत्यात भरू लागला. रायर डोळे मिटून होता. ग्रीत एकदा खोकली, तेव्हा सायब्रांडनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"तिच्या गादीतलं खारं फेकू नका," दीवर म्हणाली. "आज चराची फळी उघडा, त्यात भिजवा. सुकलं की निम्मं मला परत."

"फळी उघडतो." त्यानं पोतं खांद्यावर घेतलं. "पण सुकवू कुठं? कुरणात घोटाभर चिखल आहे."

"टेकाडावर वारा चांगला असतो," दीवर म्हणाली. "तिथली माणसंही कुरकुर करत नाहीत."

पुढच्या शनिवारी आभाळ उघडलं. सायब्रांडनं स्वतः ओलं गवत टेकाडावर वाहून नेलं आणि आपल्या बापाच्या थडग्यावर पसरलं. संध्याकाळी त्यानंच घंटा वाजवली. रविवारी सगळं गाव त्या गवताच्या कडेकडेनं चर्चमध्ये गेलं. तो दारात उभा होता, प्रत्येकाला मान लववत, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दीवर थडग्यापाशी थांबली. वाकून तिनं एक काडी उचलली, तोंडात घातली, सावकाश चावली. सगळे मागं खोळंबले होते.

"अजून एक दिवस राहू द्या," ती सायब्रांडला म्हणाली, आणि आत जाऊन बसली.